पितळी दांडी

त्या सकाळी पहिली मेलेली कोळंबी फिटरनेच पाहिली, आणि ती कात आहे असं समजून तो खूश झाला.

चूक होण्यासारखीच होती. वाढताना कोळंबी आपलं जुनं कवच अंगावरून उतरवून टाकते. ते कवच मिशांसकट, पायांसकट अख्खं असतं. टाकीच्या तळाशी ते पडलेलं दिसलं की नवख्या माणसाला कोळंबीच मेली असं वाटतं. फिटरलाही पहिल्यांदा तसंच वाटलं होतं, तो धावत डॉक्टरीणबाईंना बोलवायला गेला होता, आणि त्यावरून त्यांनी त्याला चांगले आठ दिवस चिडवलं होतं. तेव्हापासून कात दिसली की ती अलगद काढून त्यांच्या टेबलावर कागदावर ठेवायची, हे काम त्याने आपणहून अंगावर घेतलं होतं. आजही त्याने बाही वर केली, हात तीनदा साध्या पाण्याने धुतला आणि टाकीत घातला.

हाताला वजन लागलं.

कात हाताला जाणवतसुद्धा नाही, ओल्या कागदाच्या कपट्यासारखी असते. ही जड होती. पाठीवरची पांढरी रेघ होती तशीच होती, पण खालचं अंग शिजवल्यासारखं पांढरं पडलं होतं. मग त्याला दगडामागे दुसरी दिसली, नळीपाशी तिसरी. अकरांतल्या पाच.

डॉक्टरीणबाई आल्या तेव्हा तो टाकीसमोर ओला हात लोंबकळत ठेवून उभा होता.

"कितींनी कात टाकली?" त्यांनी पिशवी खुंटीला अडकवत हसून विचारलं.

"कात नाही," तो म्हणाला. "पाच गेल्या."

त्यांचा हात खुंटीवरच राहिला.

त्या काही खऱ्या डॉक्टर नव्हत्या. गावातल्या छोट्या मत्स्यालयाच्या मागच्या बाजूला खाऱ्या पाण्याच्या टाक्यांची एक खोली होती, ती त्या सांभाळायच्या. दवाखान्यात पेशंटला तपासतात तसं त्या कोळंब्यांना तपासायच्या, म्हणून तिकिटाच्या खिडकीपासून साहेबांपर्यंत सगळे त्यांना डॉक्टरीणबाई म्हणत. आणि तो त्या इमारतीतल्या नळ्या, पंप, कॉक दुरुस्त करायचा, म्हणून तो फिटर.

दोघांची ओळखही त्या टाकीनेच करून दिली होती. आठ महिन्यांपूर्वी नळी गळत होती म्हणून त्याला बोलावलं होतं. खोलीत कुणी नव्हतं. सांधा चाचपडायला त्याने टाकीत हात घातला, तर लाल अंगाची, लांब पांढऱ्या मिशांची एक कोळंबी टुणकन त्याच्या बोटावर चढली आणि नखाच्या कडेची फुटलेली कातडी वेचू लागली. मग दुसरी आली. डॉक्टरीणबाई परत आल्या तेव्हा एक अनोळखी माणूस टाकीत कोपरापर्यंत हात घालून पुतळ्यासारखा उभा होता.

"कोण हो तुम्ही? हात काढा आधी!"

"काढला असता, पण… भीती वाटते."

"घाबरू नका, त्या चावत नाहीत."

"मला नाही हो. त्यांना लागेल ना."

त्या जवळ आल्या, त्याच्या हाताशेजारी स्वतःचा हात पाण्यात धरला, आणि कोळंब्या एकेक करून इकडून तिकडे चढल्या. "किती वेळ उभे आहात?" "अर्धा तास झाला असेल." "आणि नळी?" "गळतेय अजून," तो म्हणाला, आणि त्या इतक्या हसल्या की त्यालाही हसू आलं. तीन वर्षांत तो असा हसला नव्हता.

तीन वर्षांपूर्वी त्याची बायको गेली होती. दवाखान्यात विचारलं होतं, जेवण कधीपासून कमी झालं? आणि त्याला सांगता आलं नव्हतं. ती रोज त्याच्यासमोर ताट घेऊन बसायची, तो दिवसभराचं काहीबाही सांगत राहायचा, आणि ती ताटात नुसता हात फिरवतेय हे त्याच्या ध्यानातच आलं नाही. त्याबद्दल त्याला कुणी बोललं नव्हतं. त्याचं तोच बोलत असे, मनात, रोज.

म्हणून एकदा डॉक्टरीणबाई सहज म्हणाल्या, "ही आज जेवली नाही," तेव्हा तो पाना हातात धरून तसाच थांबला.

"अकरा एकसारख्या. कळलं कसं?"

"एकसारख्या कुठे? हिची डावी मिशी आखूड आहे. आणि खाणं पडलं की ही सगळ्यांत आधी मिशा हलवते. आज हलवल्या नाहीत." मग त्याच्याकडे न बघता, "बघत राहिलं की कळतं."

त्या दिवशी त्याने त्यांना बायकोचं सगळं सांगितलं. शेवटी त्या एवढंच म्हणाल्या, "माणसं लपवतात हो. कोळंब्यांना लपवता येत नाही, म्हणून माझं फावतं." तो घरी गेला तो हलक्या पावलांनी.

पुढे कामं नसतानाही कामं निघू लागली. पंप आवाज करतोय का, हे विचारायला तो दिवसाआड डोकवायचा. "पंप ठणठणीत आहे," त्या म्हणायच्या, "तुमचंच काहीतरी बिघडलंय." यावर उत्तर सुचलं नाही की तो वॉशर बदलून द्यायचा.

आणि मग तो कॉक.

कोळंब्यांना खाणं घालताना पाण्याची धार बंद करावी लागते, नाहीतर खाणं वाहून जातं. धार बंद करायचा प्लास्टिकचा कॉक टेबलाखाली होता, आणि आतली दांडी मिठाने धरली होती. डॉक्टरीणबाईंचं उजवं मनगट पूर्वी मोडलेलं. रोज दोनदा त्या गुडघ्यांवर बसून, दोन्ही हातांनी, खालचा ओठ दाताखाली धरून तो कॉक फिरवायच्या. फिटरला ते बघवत नसे. एका रविवारी घरच्या लेथवर बसून त्याने नवी दांडी केली, पितळेची. फिटरच्या हिशोबी पितळेसारखा धातू नाही. गंजत नाही, धरत नाही, वर्षानुवर्षं लोण्यासारखं फिरतं. सोमवारी त्या यायच्या आधी त्याने ती आत बसवली. बाहेरून कॉक होता तसाच दिसत होता.

"अहो, हा एका बोटाने फिरतोय!" त्या टेबलाखालून ओरडल्या. "काय केलंत?"

"गुपित आहे."

"सांगा ना."

"सांगेन कधीतरी…"

त्यांनी कॉक उगाचच तीनदा उघडला, तीनदा बंद केला, आणि टेबलाखालून त्याच्याकडे मान वळवून पाहिलं. त्या एका नजरेवर त्याने सहा आठवडे काढले होते. सांगायचं ते नीट, निवांत, एखाद्या संध्याकाळी सांगू असं त्याने ठरवलं होतं.

आता डॉक्टरीणबाई पाचही कोळंब्या पांढऱ्या कागदावर ओळीने मांडून भिंगातून बघत होत्या. तो शेजारी दिवा धरून उभा होता.

"काळे डाग नाहीत. गालफडाला फुगवटा नाही, म्हणजे आत किडा बसलेला नाही." त्या पुटपुटत होत्या. "या दोघी कात टाकता टाकता अडकल्यात… बघा, अर्धं कवच निघालंय." मग त्यांनी पाणी तपासलं. छोट्या दुर्बिणीसारख्या यंत्रातून खारेपणा पाहिला, बरोबर होता. पाणी गार नव्हतं, गरम नव्हतं. थेंब टाकून घाणीची तपासणी केली. रंग पालटला नाही. उरलेल्या सहा कोळंब्या कोपऱ्यात होत्या, एक कुशीवर पडून पाय झाडत होती. खाणं टाकलं, एकीनेही मिशी हलवली नाही.

"शेजारच्या टाकीत टाका बघू," त्या म्हणाल्या. पाणी दोन्ही टाक्यांना एकच होतं. त्याने चिमूटभर खाणं टाकलं, आणि नारिंगी मासे तुटून पडले.

"मासे ठणठणीत," त्या सावकाश म्हणाल्या. "आणि गोगलगायी?"

काचेला चिकटून असणाऱ्या गोगलगायी तळाशी उलट्या पडल्या होत्या.

डॉक्टरीणबाई स्टुलावर बसल्या. "म्हणजे पाण्यात असं काहीतरी आहे, जे माशांना चालतं आणि यांना चालत नाही."

"असं काय असतं?"

"तांबं."

फिटरने टेबलाखालच्या कॉकाकडे पाहिलं. पितळेत निम्म्याहून जास्त तांबंच असतं, हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती.

त्यांनी कपाटातून एक जुनी बाटली काढली, पाण्यात थेंब टाकले. पाण्याला निळसर छटा आली. "आहे," त्या म्हणाल्या. मग मान वर करून, "फिटर, या लाइनवर कुठे तांब्याची नळी-बिळी आहे का?"

"नळ्या सगळ्या प्लास्टिकच्या आहेत," तो म्हणाला.

खोटं नव्हतं. पण खरंही नव्हतं, आणि बोलताना त्याला ते कळत होतं.

"मग मीच," त्या म्हणाल्या. त्यांचा चेहरा उतरला. "तीन आठवड्यांपूर्वी आजारी माशाला वेगळ्या टाकीत ठेवून निळं औषध दिलं होतं. त्यात तांबं असतं. त्या टाकीची बादली वेगळी ठेवते मी, लाल पट्टीची… तीच मी या टाकीला वापरली असेल. आठवत नाही हो मला. आठवतच नाही."

अकराच्या सुमाराला साहेब आले. त्यांनी कागदावरच्या पाच कोळंब्या पाहिल्या आणि चष्मा पुसला. ही खोली बंद करून तिथे खेळण्यांचं दुकान काढायचं त्यांच्या मनात कधीचं होतं. "उद्या चार वाजेपर्यंत लेखी द्या, चूक कुणाची ते," ते म्हणाले. "तुमची असेल तर खोली बंद आणि तुम्ही तिकिटाच्या खिडकीवर. मी तरी वर काय सांगू, बाई?"

दुपारी डॉक्टरीणबाई पाणी शोषून स्वच्छ करणारा कोळसा आणायला गेल्या, तेव्हा फिटर टेबलाखाली शिरला. त्याने कॉक उघडला. त्याची चकचकीत दांडी हिरवी झाली होती आणि तिला बारीक खड्डे पडले होते. त्याने ती फडक्यात गुंडाळून खिशात टाकली, जुनी प्लास्टिकची दांडी परत बसवली, आणि बाहेर येऊन हात धुतले. कुणी पाहिलं नाही. पाणी आता आपोआप सुधारणार होतं. कुणाला काही कळणार नव्हतं.

संध्याकाळी त्या खाली बसल्या आणि दोन्ही हातांनी कॉक ओढू लागल्या. "हासुद्धा रुसला आज," त्या म्हणाल्या. तो पाठीमागे उभा होता.

घरी त्याची थोरली बहीण आली होती. भावजय गेल्यापासून ती एक दिवसाआड येऊन त्याचं घर बघून जात असे. "काय रे, ओठ शिवलेस की काय?" तिने विचारलं. मग त्याने फडकं उलगडून सगळं सांगितलं.

ताईने दांडी उचलून पाहिली. "धन्य आहेस. तीन वर्षांनी एक बाई आवडली, आणि तू तिच्या कोळंब्या मारल्यास."

"ताई, थट्टा नको."

"थट्टा कुठली? रडू येतंय मला."

"सांगू का तिला?"

"सांगितलंस तर तोंड नाही बघणार तुझं."

"आणि नाही सांगितलं तर?"

ताईने पदराने ओटा पुसला, जो स्वच्छच होता. "तर बोलेल तुझ्याशी. लग्नही करेल कदाचित. आणि आपल्यामुळे मेल्या म्हणून मनाशी कुढत बसेल. ते तू समोर बसून बघशील, झालं." तिने पिशवी उचलली. "तुला जमेल बघत बसणं?"

त्याला कुढणं म्हणजे काय ते माहीत होतं. आपण नीट बघितलं नाही, हे रात्रंदिवस मनाशी घोळवत राहणं काय असतं, ते त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार? ते त्याचं तरी खरं होतं. त्यांचं तर खरंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आणखी दोन गेल्या. चार उरल्या. अडीच वाजता तो खोलीत गेला तेव्हा डॉक्टरीणबाई साहेबांसाठी लिहीत होत्या. बाहेर भुरभुर पाऊस पडत होता, पत्र्यावर त्याचा आवाजही येत नव्हता. त्याने फडकं उलगडून त्यांच्या कागदावर ठेवलं.

"हे काय?"

"कॉकाची दांडी. मी केलेली… पितळेची."

त्यांनी ती उचलली. अंगठ्याला हिरवं लागलं.

"कधी बसवलीत?"

"सहा आठवडे झाले."

"काढलीत कधी?"

हा प्रश्न येईल असं त्याला वाटलं नव्हतं. "काल दुपारी."

"म्हणजे मी तांब्याचं विचारलं तेव्हा…"

"माहीत होतं."

"आणि संध्याकाळी कॉक ओढत होते तेव्हा मागे उभे होतात तुम्ही."

"हो."

त्यांनी पेनाला टोपण लावलं, पुन्हा काढलं. "का केलंत असं?"

"काल? भीती वाटली."

"कालचं नाही विचारत. ही दांडी."

"तुमचं मनगट," तो म्हणाला. "ओठ चावायचात तुम्ही. मला बघवायचं नाही."

"मला विचारायचं होतंत."

"विचारलं असतं तर…"

"तर नको म्हणाले असते!" त्यांचा आवाज एकदम चढला. "नको म्हणाले असते, आणि अकराच्या अकरा जिवंत असत्या. रात्रभर मी बादल्या आठवत बसले होते, फिटर. रात्रभर."

तो खाली बघत होता. "तुम्ही मला आवडता, म्हणून केलं. हे सांगून सुटायचं नाहीये मला. पण खोटंही बोलायचं नाहीये आता."

त्या उठून टाकीपाशी गेल्या, त्याच्याकडे पाठ करून. "आत्ता हे बोलू नका. आत्ता मला राग आलाय, आणि तो मला पुरता येऊ द्या."

साहेबांकडे तो स्वतःच गेला. दांडी टेबलावर ठेवली, सांगितलं, लिहून दिलं. मत्स्यालयाचं काम त्याच दिवशी त्याच्याकडून गेलं. खोली राहिली, डॉक्टरीणबाईही राहिल्या. निघताना त्याने खोलीच्या दारातून आत पाहिलं. डॉक्टरीणबाई उरलेल्या चार कोळंब्या दुसऱ्या पाण्यात हलवत होत्या, एकेक करून, तळहाताच्या ओंजळीत. त्यांनी वळून पाहिलं नाही.

सतरा दिवस गेले. अठराव्या दिवशी, भर दुपारी, तो घराखालच्या खोलीत लेथवर काम करत असताना दारात सावली पडली. आधी त्याला वाटलं, गिऱ्हाईक आहे.

"एक गेली," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्या उंबऱ्याबाहेरच उभ्या होत्या. "तिघी आहेत. काल तिघी जेवल्या."

त्याने लेथ बंद केला. "डाव्या आखूड मिशीची?"

"ती आहे." त्यांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. "तुमच्या लक्षात आहे?"

"बघत राहिलं की कळतं," म्हणायचं त्याच्या ओठांवर आलं होतं, पण त्याने नुसती मान हलवली. ती जिवंत आहे, तेवढ्यानेच त्याचा जीव भांड्यात पडला होता. त्याने स्टुलावरचा कीस झटकला, त्या बसल्या.

"राग गेला का?"

"नाही. जाईल तेव्हा सांगेन. तोवर चहा द्याल?"

चहा होईपर्यंत त्या कपाटावरची छोटी छोटी हत्यारं उचलून बघत होत्या. कप हातात घेतल्यावर म्हणाल्या, "मलाही एक सांगायचंय. खाणं दिवसातून दोनदाच घालतात."

"माहीत आहे."

"मी कॉक दिवसातून सात-आठदा फिरवायचे. तुम्ही नसलात की. उगाच… हलका फिरतो म्हणून. तुम्ही केलाय म्हणून." त्यांनी कपात पाहिलं. "जितकी फिरवली तितकी ती दांडी झिजली असणार. म्हणजे थोडंफार माझंही आहे त्यात."

"नाही हो, तसं नाही."

"ते मी ठरवीन." मग पहिल्यांदा त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. "एवढ्यासाठी आले होते असंही नाही. पंप आवाज करतोय. नवा फिटर म्हणतो, ठणठणीत आहे."

"मग असेल ठणठणीत."

"असेल ना. पण बिघडलंय काहीतरी."

त्याला यावेळी वॉशर शोधायची गरज पडली नाही. त्याने हात पुढे केला, तेलाने काळा झालेला, आणि मध्येच थांबवला. त्यांनी तो तसाच धरला.

"एक अट आहे," त्या म्हणाल्या. "माझ्यासाठी काही करायचं झालं, किंवा माझ्यापासून काही लपवावंसं वाटलं, की आधी सांगायचं. मला आवडो, न आवडो."

"कधीपासून?"

"आत्तापासून. वर घर दाखवणार आहात ना?"

तो जिन्याकडे निघाला होता, तो पहिल्याच पायरीवर थांबला. "मग वर जायच्या आधी सांगतो. आतल्या खोलीत तिचं कपाट आहे. तिचे सगळे कपडे आहेत त्यात. तीन वर्षांत मी ते उघडलेलं नाही. ताईलाही उघडू देत नाही."

डॉक्टरीणबाईंनी त्याचा हात सोडला नाही. "बरं केलंत सांगितलंत," त्या म्हणाल्या, आणि त्याच्या मागोमाग जिना चढल्या. आतल्या खोलीत गेल्यावर त्या कपाटासमोर थोडा वेळ उभ्या राहिल्या. हात लावला नाही.

त्याला आता पाच महिने झाले. लग्नाची तारीख ठरली आहे, ताईने घराला रंग लावून घेतला आहे, आणि त्यांच्या पुस्तकांसाठी त्याने एक फळी ठोकली आहे, त्यांना विचारून. कपाट अजून उघडायचं आहे.